गच्चीवरच्या बागेचा ग्रुप ओस का पडतो?

प्रश्न : आमचा गच्चीवरच्या बागेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सभासद साडेचारशे. आता नुसतं 'सुप्रभात' चालतं, जाणकार गप्प. काय करावं?

उत्तर : 'सुप्रभात'चा कंटाळा येतोच, पण जाणकारांना खरा वीट येतो तो जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाचं (कापसासारख्या पांढऱ्या किडीचं) उत्तर पन्नासाव्यांदा टाइप करायचा. ते एकदाच नीट लिहा : 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, द्रव साबणाचे चार थेंब, फवारणी संध्याकाळी, आठवड्याने पुन्हा. अशी उत्तरं गूगल डॉक्समध्ये ठेवून दुवा ग्रुपच्या माहितीत चिकटवा.

विचारणाऱ्यालाही शिस्त हवी. पानाच्या खालच्या बाजूचा फोटो, कुंडीचा आकार, ऊन किती तास, पाणी कधी. नुसतं 'पानं पिवळी पडतायत, उपाय सांगा' म्हटलं तर समोरचा काय कपाळ सांगणार?

'सुप्रभात'वर बंदी घातली की रुसवेफुगवे सुरू. त्यापेक्षा गप्पांचा वेगळा ग्रुप काढा. ॲडमिन तिघं तरी असू द्या. 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' ही सोय मात्र लावू नका, ग्रुपचा सूचनाफलक होतो.

आणि मे अखेरीस, पावसाआधी, कुणाच्या तरी गच्चीवर बियांची अदलाबदल ठेवा. पुडीवर वाणाचं नाव आणि बी धरल्याचा महिना लिहायला सांगा.