दोन मिनिटांच्या विद्यार्थी ॲनिमेशनसाठी आधी किती शॉट ठरवावेत?
चार-पाच सेकंदांचा एक धरला तर २४ ते ३०. पण आकड्यात अडकू नका, आधी ॲनिमॅटिक, म्हणजे फिल्मचा कच्चा व्हिडिओ करा. स्टोरीबोर्डची, म्हणजे शॉटवार आराखड्याची, कच्ची चित्रं एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर लावा, संवाद स्वतःच्याच आवाजात भरा. कुठला शॉट रेंगाळतोय ते तिथेच कळतं, आणि तेव्हा तो कापताना जीव तुटत नाही. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे एकूण २८८०. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी १४४० चित्रं! म्हणून शॉटच्या यादीत सेकंद, पात्रं आणि पार्श्वभूमी लिहाच. एकच पार्श्वभूमी तीन-चार शॉटना पुरते का, बघा. चालणारं पात्र कंबरेपासून वर दाखवलं की पाय काढायचे वाचतात, हा माझा सर्वात आवडता उपाय.