पत्र्याच्या एका खोलीत, भर उन्हाळ्यात मुलांना कसे खेळवावे?

परभणीच्या ताईंचा प्रश्न असा आहे : पाळणाघरात दोन ते सहा वर्षांची दहा-बारा मुले, खोली साधारण १२ बाय १५ फुटांची आणि वर पत्रे. एप्रिल-मेमध्ये मुलांना अंगणात सोडता येत नाही, दुपारी ती एकमेकांना ढकलतात, चावतात, आणि शेवटी मोबाइल लावून द्यावा लागतो. अशा जागेत हालचालीचे कोणते खेळ घेता येतील, आणि फुगे व प्लास्टिकची घसरगुंडी आणावी का? नांदेडात आधी बालवाडी आणि पुढे पाळणाघर चालवण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्या आधारावर लिहिते.

ताई, खेळांच्या आधी वेळ ठरवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जाणे नवे नाही, आणि पत्र्याखाली दुपारी त्याहून जास्त तापते. हवा अंगापेक्षा गरम झाली की पंख्याचा उपयोग कमी होत जातो. लहान मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असल्याने बाहेरची उष्णता ते लवकर घेते, त्याला घाम मोठ्या माणसापेक्षा कमी येतो, आणि खेळात रंगलेले मूल तहान लागल्याचे आपणहून सांगत नाही. म्हणून धावपळीचे सगळे सकाळी साडेदहाच्या आत उरकावे, दुपारी झोप आणि बसून करायचे खेळ ठेवावेत, आणि ऊन कलल्यावर पुन्हा थोडे खेळवावे. मध्ये मध्ये माठातले पाणी हातात द्यावे. ‘पाणी हवे का’ असे विचारल्यास सगळी ‘नको’ म्हणतात. चेहरा लालबुंद झालेले किंवा एरवी दंगा करणारे मूल अचानक गप्प झाले, तर खेळ तिथेच थांबवून त्याला गार जागी न्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे. तरीही ते सुस्तच राहिले, तर दवाखाना गाठण्यास उशीर करू नये.

आता किती खेळवायचे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, तीन-चार वर्षांच्या मुलांची त्यातली ६० मिनिटे चांगली दमवणारी असावीत, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनी तासाभराहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये. १८० हा आकडा पाहून घाबरू नका. तो दिवसभराचा आहे, त्यात घरचे चालणे-फिरणे आणि संध्याकाळचे अंगणही आले. आपण दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडावेत.

लहान खोलीसाठी खेळ निवडताना मी दोनच गोष्टी पाहते : खेळात थांबणे आहे का, आणि कोणी ‘बाद’ होऊन कोपऱ्यात बसते का. पकडापकडीत थांबणे नसते, म्हणून चौथ्या मिनिटाला कोणाचे तरी डोके भिंतीवर आपटते. संगीत खुर्चीत सर्वांत लहान मूल पहिल्यांदा बाद होते आणि ज्याला हालचालीची गरज जास्त तेच सर्वाधिक वेळ बसून राहते. त्यावर उपाय सोपा आहे : खुर्च्यांऐवजी बारदानाचे तुकडे अंथरावेत, दर फेरीला एक तुकडा काढावा, मूल मात्र एकही काढू नये. शेवटच्या दोन-तीन तुकड्यांवर सगळ्यांनी एकमेकांना धरून कसेबसे मावायचे, यातच खरी गंमत येते.

माझ्याकडे सर्वांत जास्त चालला तो एसटीचा खेळ. जुने नऊवारी लुगडे पिळून त्याला हात-हात अंतरावर गाठी माराव्यात आणि प्रत्येक मुलाने एक गाठ धरावी. स्टीलच्या वाटीवर चमच्याने दोनदा वाजवले की गाडी निघते, एकदा वाजवले की थांबते. मुलांनी ही घंटी खऱ्या एसटीत ऐकलेली असते, त्यामुळे नियम समजावत बसावे लागत नाही. भिंतीपासून दोन फूट आत खडूने रस्ता काढावा. नांदेडहून निघालेली गाडी लोह्याला थांबली की पाच उड्या, अहमदपूरला बैठका, चाकूरला टाचा उचलून उंच होणे, आणि लातूर आले की सगळे खाली. वाटेत दोन उशा टाकल्या की घाट झाला. सर्वांत लहान मुलाला पुढे उभे करावे, कारण मग गाडीचा वेग तेच ठरवते आणि मोठ्यांना आपले पाय आवरावे लागतात. गोंगाट वाढू लागला की ‘गाडी पंक्चर!’ म्हणावे, म्हणजे सगळे उताणे पडतात आणि आपल्यालाही श्वास घ्यायला मिनिटभर मिळते. गाठ फक्त हातात धरायची, लुगडे कमरेला किंवा गळ्यात अडकवू द्यायचे नाही, आणि खेळ संपताच ते उंच खुंटीवर टाकायचे.

तळ्यात-मळ्यात आणि ‘शिवाजी म्हणतो’ हे खेळही या खोलीत छान बसतात. मात्र चुकणाऱ्याला बाद करू नये. वयाचा अंदाज ठेवावा. दोन वर्षांच्या मुलाला दोन्ही पाय उचलून उडी जेमतेम जमते आणि लंगडी चाराच्या पुढेच जमू लागते, तेव्हा लहानग्यांनी नुसते पाय आपटले तरी ती उडीच समजावी.

ढकलण्या-चावण्याबद्दल माझा अनुभव असा की ज्या मुलांना काही ओढायला, उचलायला मिळते, ती पुष्कळ शांत राहतात. त्यासाठी आठवडी बाजार भरवावा : एका भिंतीशी उशा, चादरी, कापडी पिशव्या ठेवायच्या, आणि मुलांनी तो माल टबात भरून, टब ढकलत दुसऱ्या भिंतीशी न्यायचा आणि तिथे रचायचा. यात धावपळ नसल्याने दुपारच्या झोपेनंतरही तो चालतो. दात येत असलेले मूल मात्र बाजार भरवूनही चावते, त्याला जवळ घेऊन बसण्याला पर्याय नाही.

ताईंच्या प्रश्नावर एका सदस्यांनी तुराट्यांचे (तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे) अडथळे मांडण्याचे सुचवले आहे. ते कृपया करू नये. तुराटीची कुसळे बोटात जातात आणि टोक डोळ्याच्या उंचीवर येते. त्याऐवजी गुंडाळलेल्या गोधड्या ठेवाव्यात. फरशीवर मुले अनवाणीच असावीत, कारण मोजे आणि सुटी सतरंजी दोन्ही घसरतात. कूलर लावत असाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, त्याच्या खालचे पाणी पुन्हा पुन्हा पुसा आणि वायर मुलांच्या हाताला लागेल अशी सोडू नका.

फुगे आणू नयेत. फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा तोंडात गेला तर श्वासनलिकेवर चिकटून बसतो आणि काढणे अवघड जाते. चिंचोके आणि गजगेही तीन वर्षांखालच्या मुलांपासून दूरच ठेवावेत. फेकाफेकीसाठी सुती चिंध्यांचे, मुठीपेक्षा मोठे चेंडू शिवून घ्यावेत. घसरगुंडी या खोलीची चौथाई जागा खाईल आणि तिच्यापाशी एक मोठे माणूस कायम उभे राहावे लागेल. तेवढ्या पैशांत कापसाच्या दोन जाड गाद्या भरून घ्याव्यात. सकाळी त्यांच्यावर कोलांटउड्या होतील आणि दुपारी त्यांच्यावरच मुले झोपतील.