मंजुरीनंतरची समिती

अनेक आशीर्वाद.

क्रिप्टोच्या (ब्लॉकचेनच्या) प्रकल्पांना पैसे देणाऱ्या अनुदान समितीवर तुझी निवड झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. पहिल्या बैठकीआधी काय वाचावं, असं विचारलं आहेस. नवे अर्ज दोन दिवस बाजूला राहू देत. आधी गेल्या वर्षी मंजूर झालेले अर्ज काढ आणि त्यांचं पुढे काय झालं ते बघ. रेपोमध्ये, म्हणजे कोड ठेवतात तिथे, शेवटचा बदल (कमिट) कधीचा आहे, अनुदानाचा शेवटचा हप्ता कुणी सोडला, काय बघून सोडला? समिती कशी चालते हे नियमावलीत शोधू नकोस, ते या जुन्या कागदांत सापडतं.

मंजुरीच्या बैठकीला सगळे तयारीनिशी येतात, हिरिरीने बोलतात. हप्ता सोडण्याआधी कामाचा ठरलेला टप्पा झाला का, याची तपासणी मात्र कुणाच्या तरी गळ्यात मारली जाते, आणि पैसे बुडतात ते तिथेच. घराच्या कर्जाचा पुढचा हप्ता सोडण्याआधी स्लॅब पडलाय की नाही हे बघायला बँक आपला माणूस पाठवते. बिल्डरच्या फोटोवर भागवत नाही. आपल्या क्षेत्रात सर्रास फोटोवर भागतं. ‘माइलस्टोन पूर्ण’ असा निरोप येतो, सोबत अडीच मिनिटांचा डेमो व्हिडिओ, आणि पाचांतले तिघं अंगठा दाखवून मोकळे होतात.

पोल्काडॉट या ब्लॉकचेनच्या पाठीशी असलेल्या वेब3 फाउंडेशनच्या अनुदान योजनेचे जुने अर्ज यासाठी जरूर चाळ. 2018च्या अखेरीस सुरू झालेली ही योजना. अर्ज गिटहब या कोडच्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट, म्हणजे सर्वांसमोर चर्चेला ठेवलेला बदल, म्हणून यायचा, त्यामुळे कुणी कोणती शंका काढली आणि अर्जदाराने काय उत्तर दिलं हे आजही वाचता येतं. प्रत्येक टप्प्याच्या तक्त्यातल्या पहिल्या ओळी ठरलेल्या असत: लायसन्स, डॉक्युमेंटेशन, टेस्ट आणि त्या कशा चालवायच्या याची कृती, मग डॉकर, म्हणजे काम दुसऱ्याच्या मशीनवरही तसंच चालवायची सोय. दिसायला रटाळ वाटतात, पण त्यांच्यामुळेच तपासणाऱ्याला काम स्वतःच्या मशीनवर उभं करून बघता यायचं. काय चाललं, काय अडलं, हे तो लिहून ठेवायचा, आणि मग पैसे सुटायचे.

म्हणून मंजुरी देतानाच टप्प्याचं वाक्य घासून घे. ‘वॉलेटचं काम साठ टक्के पूर्ण’ हे तपासणार कसं? ‘टेस्टनेटवर (चाचणीच्या नेटवर्कवर) दोन वॉलेटमध्ये व्यवहार होतो, आणि अमुक कमांड दिली की सगळ्या टेस्ट पास होतात’ असं लिहून घेतलंस, तर सहा महिन्यांनी वाद घालायला जागा उरत नाही. वॉलेटच्या अर्जात आणखी एक विचार: नेटवर्क अपग्रेड झाल्यावर हे कोण सांभाळणार? झीकॅश या क्रिप्टो चलनाच्या नेटवर्कवर मे 2022 मध्ये एनयू5 नावाचं अपग्रेड झालं. अशा प्रत्येक अपग्रेडनंतर वॉलेटला बदलावंच लागतं, नाहीतर त्याचे व्यवहार नेटवर्क नाकारतं. बांधायला पैसे दिले आणि सांभाळायला दिले नाहीत, तर पुढच्या अपग्रेडला ते वॉलेट बंद पडलंच म्हणून समज.

झीकॅशचं नाव निघालंच आहे, तर तिथल्या तिजोरीचं गणित एकदा हाताने मांडून बघ. त्यांची अनुदान समिती पाच जणांची, मतदानाने निवडलेली. नोव्हेंबर 2020 ते नोव्हेंबर 2024 या काळात दर ब्लॉकला (व्यवहारांच्या दर तुकडीला) 3.125 झेक, म्हणजे झीकॅशची नाणी किंवा टोकन, तयार होत, त्यातले 8 टक्के, म्हणजे पाव झेक, या अनुदानांसाठी. ब्लॉक दर 75 सेकंदांनी, म्हणजे दिवसाला 288 झेक. मे 2021 मध्ये एका झेकचा भाव 300 डॉलरच्या वर होता, तेव्हा ही रोजची आवक 86 हजार डॉलरच्या पुढे जात होती. 2024च्या मध्यावर भाव 20 डॉलरच्या आसपास आला आणि तेच 288 झेक सहा हजार डॉलरचेही उरले नाहीत. त्यानंतर ब्लॉकचं बक्षीसच निम्मं झालं, 288चे 144 झाले. मंजुऱ्या मात्र डॉलरमध्ये दिलेल्या असतात. तेव्हा दर बैठकीत एक आकडा समोर ठेवायला सांग: मंजूर झालेले पण अजून न दिलेले हप्ते एकूण किती, आणि उद्या टोकनचा भाव निम्मा झाला तर ते देता येतील का? तेजीत हा प्रश्न विचारणारा माणूस कुणालाच आवडत नाही. विचार तरीही.

ऑप्टिमिझम या ब्लॉकचेनने 2021 पासून उलटी वाट धरून पाहिली: उपयोग आधी सिद्ध होऊ दे, पैसे मागाहून. तत्त्व म्हणून मला पटतं. पण नोकरी सोडून कोड लिहायला बसलेल्या पोराला या महिन्याचं भाडं या महिन्यातच द्यावं लागतं.

नकार लवकर दे, आणि कारण लिहून दे. ‘आमच्या प्राधान्यात बसत नाही’ या वाक्याचा अर्जदाराला काडीचा उपयोग नाही. ‘तिसऱ्या टप्प्याची रक्कम कशासाठी ते कळलं नाही’ असं लिहिलंस तर तो काहीतरी सुधारू शकतो. आणि अर्जाच्या भाषेला गुण देऊ नकोस. हल्ली यंत्राच्या कृपेने सगळ्यांचीच भाषा गुळगुळीत झाली आहे. आधीचा कोड बघ, आणि तो लिहिणाऱ्याशीच कॉलवर बोल. गप्पा मारायला एक आणि कोड लिहायला दुसराच, अशा टीम कमी नाहीत.

पुण्या-मुंबईच्या मीटअपमधल्या ओळखीच्यांचे अर्ज येतीलच. तिथे चर्चेआधी लेखी कळवून बाजूला हो, मतही देऊ नकोस. मात्र भारतीय अर्जदारांचं एक दुखणं बाकीच्यांना तुलाच समजावता येईल: 1 एप्रिल 2022 पासून आपल्याकडे टोकनच्या विक्रीतल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. त्याच वर्षी जुलैपासून 1 टक्का टीडीएसही आला. म्हणून एखादी टीम डॉलरचे टोकन करताना हप्त्याच्या दिवशीचाच भाव धरा म्हणून अडून बसली, तर तिला हावरट ठरवण्याआधी हे सांग.

मानधन देत असतील तर संकोच न करता घे. फुकट काम करणारे सदस्य तिसऱ्या महिन्यापासून कॅमेरा बंद करून बसतात, आणि मग सगळी तपासणी एकट्यावर पडते. बैठकीची वेळ बहुधा अमेरिकेच्या सोयीची असेल, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. पहिल्याच बैठकीत बदलून माग. युरोपातल्या सदस्याची ती जेवायची वेळ असते. तो तुझ्या बाजूने बोलेल.

कळावे.