सॅक हलकी करायचीये? आधी काट्यावर चढवा

प्रश्न : दादा, आम्ही चौघं मित्र जानेवारीत हरिहरेश्वर ते गुहागर किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार आहोत, जमेल तिथे चालत, बाकी एसटीने. सॅक भरून बघितली तर १४ किलो झाली. नेटवर वाचून शून्य डिग्रीवाली डाऊन स्लीपिंग बॅग, अल्ट्रालाइट टेन्ट, गॅस स्टोव्ह अशी यादी केलीय, पण सगळं एकदम घ्यायला पैसे नाहीत. आधी काय घेऊ?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी काहीच घेऊ नका. सॅक चटईवर उपडी करा आणि एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजनं कागदावर लिहा. सुरुवात रिकाम्या सॅकपासूनच करा, कारण भरपूर गाद्या, पट्टे आणि कप्पे असलेली साठ लिटरची सॅक रिकामीच दोन किलोच्या आसपास भरते, आणि मोठी सॅक घेतली की ती भरल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही हा वेगळाच रोग. तुमच्या वाटेला चाळीस लिटर पुष्कळ झाली.

आता ती डाऊन बॅग. डाऊन म्हणजे बदका-हंसाची मऊ पिसं, ती फुगून आत हवा धरून ठेवतात म्हणून ऊब मिळते. हिमालयातल्या कोरड्या थंडीत तिला तोड नाही, पण आपल्याकडे समुद्राची दमट हवा, वर पहाटेचं दव, पिसं ओलसर झाली की गोळे होऊन बसतात आणि मग ऊब कसली नि काय. शिवाय जानेवारीतही किनाऱ्यावर रात्री शून्य डिग्री कोण देणारे तुम्हाला? घामाघूम होऊन बॅगेवरच झोपाल. एक दुहेरी चादर घ्या किंवा जुन्या चादरीची दोन बाजूंनी शिवून पिशवी करा, वर पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, झालं काम. खाली मात्र फोमची कॅरीमॅट हवी, हवेची नको, सुरूच्या बनात काटेकुटे, शिंपल्यांचे तुकडे असतात, एक भोक पडलं की रात्रभर जमिनीवर.

टेन्टबद्दल माझं मत जरा कडक आहे. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, तुमच्या वाटेवर सगळीकडे घरगुती राहायची सोय होते, मग दोन-अडीच किलो पाठीवर कशाला? त्यात हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा हंगाम, वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत रात्री तंबू आणि टॉर्च नकोच. तरी एखादी रात्र बाहेर काढायचीच असेल तर गावात विचारून, भरतीच्या रेषेपासून लांब, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर अजून लांब. टेन्ट आतून जाळीचा आणि वरून वेगळं कापड असा दोन थरांचा बघा, एकाच कापडाचा असेल तर पहाटे आतून पाणी गळतं आणि छप्पर फाटलंय असं वाटतं. बारीक खुंट्या वाळूत टिकत नाहीत, पिशवीत वाळू भरा, दोरी बांधा आणि पिशवी पुरून टाका. चौघांत दोन टेन्ट झाले तर एकाने कापड न्यायचं, दुसऱ्याने काठ्या.

स्टोव्ह तर काढूनच टाका. स्टोव्ह, गॅसचा डबा, भांडं, मॅगी, चहा-साखर धरून किलोच्या पुढे सहज जातं आणि कोणी मित्र मुंबईहून कोकण रेल्वेने येणार असेल तर गॅसचा डबा ट्रेनमध्ये न्यायला मनाईच आहे. खानावळी आहेत की! फक्त छोट्या गावात ताट सांगून ठेवावं लागतं, सकाळीच फोन करा, दोन वाजता अचानक टपकलात तर सोलकढीसुद्धा मिळणार नाही.

पाण्याचं वजन कोणी धरत नाही, एक लिटर म्हणजे एक किलो. गावं जवळजवळ आहेत, दीड-दोन लिटर ठेवा आणि भरत चला. ती गार ठेवणारी स्टीलची जाड बाटली घरी राहू दे, साधी प्लॅस्टिकची घ्या. जीन्सही घरीच, एकदा खाऱ्या पाण्याने भिजली की दोन दिवस वाळत नाही. कपडे अंगावर एक, सॅकमध्ये एक आणि झोपायला एखादा. टॉवेलऐवजी पंचा, महागड्या ट्रेकिंग टॉवेलच्या तोंडात मारेल असा, वेशवी-बागमांडला फेरीबोटीवर कठड्याला बांधला तर पलीकडे पोचेपर्यंत अर्धा वाळतो.

एवढं केलंत की १४ चे सातच्या आसपास यावेत. पैसे उरले तर चांगल्या सॅकवर घाला, आणि ती दुकानात वजन भरून, खांद्यावर घेऊन बघूनच.

प्रश्न : रेनकव्हर लावूनही पावसात सॅकमधले कपडे भिजतात. वॉटरप्रूफ सॅक घ्यावी का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : नको, जड असते आणि महागही. कव्हर बाहेरून झाकतं पण पाठ आणि सॅक यांच्यामधून पाणी ओघळत आत जातं, आणि कोकणातला पाऊस आडवा येतो हे देवगडकरांना मी काय सांगणार. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, सगळं सामान त्यात, तोंड पिळून दुमडून टाका. फोन आणि पॉवर बँक वेगळ्या छोट्या पिशवीत. बाहेरची सॅक भिजली तर भिजू दे.

प्रश्न : समुद्रावर फिरून आलं की सॅकच्या चेन जाम होतात, काय करू?
– एक वाचक, मालवण

उत्तर : खारं आणि बारीक रेती, दुसरं काही नाही. घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, जुन्या टूथब्रशने दाते घासा, सावलीत वाळवा, कडक उन्हाने नायलॉन कमकुवत होतं. वाळल्यावर मेणबत्ती घासा. खोबरेल लावू नका, त्याला अजून रेती चिकटते.