टू-डू लिस्ट ॲपसाठी वर्षाला पैसे मोजण्यात अर्थ आहे का? फुकटचं ॲप किंवा साधी वही पुरत नाही का?

"वही पुरत नाही का" हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा झालंय की प्रश्न वाचून आधी वाटलं, आमच्या दादानंच इथं खातं काढलं.

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. सहा तुकडे, सोनाका आणि माणिक चमन या जातींचे. ऑक्टोबर छाटणी आम्ही सगळीकडं एकदम घेत नाही. तेवढे मजूर मिळत नाहीत आणि सगळा माल एकाच आठवड्यात तयार झाला तर व्यापारी दर पाडून मागतो. त्यामुळं प्रत्येक तुकड्याचा दिवस वेगळा. द्राक्षवाल्याला तारीख विचारू नका, छाटणीपासून कितवा दिवस ते विचारा. काडीला लावायची पेस्ट, नको त्या फेलफुटी काढणं, दावण्या रोगाच्या फवारण्या, जीएचं डिपिंग (म्हणजे मणी फुगवायला घड जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवणं), मण्यांची विरळणी, सगळं त्या दिवसावर चालतं. एका तुकड्याचा दिवस कुणाच्याही लक्षात राहील. सहांचे राहतात म्हणणारा एक तर खोटं बोलतोय, नाहीतर तो आमचा दादा आहे.

दादाची पद्धत म्हणजे खिशातली डायरी. त्यात लिहिलेलं असतं, "ओढ्याकडं औषध." कुठलं औषध, किती लिटरला किती, हे डोक्यात. मी टूडूइस्ट या टू-डू ॲपला पैसे भरले तेव्हा तो म्हणाला, "वीस रुपयात वही मिळतीया, ह्याला वर्षाला पैसं कशाला?"

त्याच हंगामात आईचं खुब्याचं ऑपरेशन निघालं. दादा मिरजेला दवाखान्यात, डायरी त्याच्या खिशात, फोन बंद. इकडं डिपिंगची टोळी उजाडायला बांधावर हजर. मुकादम विचारतोय, "मालक, कुठल्या तुकड्यात शिरायचं?" वरचे दोन तुकडे शेजारी-शेजारी आहेत, लांबून घड सारखेच दिसतात, पण छाटणीत आठवड्याचा फरक. चुकीच्या अवस्थेत जीए दिलं तर ते परत काढून घेता येत नाही. आणि हंगामात टोळी परत पाठवली की ती दुसऱ्याच्या बागेत गेली म्हणून समजा.

मी फोन उघडला. तुकड्याचं नाव, दुसरं डिप, आजची तारीख, खाली पाण्याला प्रमाण. ज्या त्या तुकड्याच्या छाटणीच्या दिवशीच वहिनीनं बसून त्याचं वेळापत्रक भरलं होतं. आत जाऊन मण्याची साईज बघून घेतली, ती कुणीही बघतोच, आणि टोळी कामाला लावली. दुपारपर्यंत तुकडा उरकला.

रात्री दादा आला. सगळं ऐकून म्हणाला, "तुझ्या ध्यानात व्हतंच की ते."

नव्हतं, दादा. अजिबात नव्हतं. आईच्या काळजीत मला त्या दिवशी वार कुठला हेसुद्धा सांगता आलं नसतं. चार लोकांसमोर हे बोलायचं राहिलं होतं, म्हणून इथं लिहितोय.

आता तुमचा प्रश्न. लाईट बिल, किराणा आणि पोरांची फी एवढंच लिहायचं असेल तर पैसे देऊ नका. गुगल टास्क्स किंवा मायक्रोसॉफ्ट टू डू फुकट आहेत आणि पुरतात. थिंग्ज नावाच्या ॲपला पैसे एकदाच द्यावे लागतात, पण ते फक्त ॲपलवर चालतं. आमच्या घरात एकही आयफोन नाही, त्यामुळं विषय संपला. टूडूइस्टच्या फुकट प्लॅनमध्ये पाच प्रोजेक्ट, म्हणजे कामांच्या पाच वेगळ्या याद्या, मिळतात. आमचे तुकडे सहा. दोन तुकडे एकात कोंबता आले असते, पण मग डायरी काय वाईट होती? शिवाय फुकटात ॲक्टिव्हिटी हिस्टरी, म्हणजे कुठलं काम कधी केलं त्याची नोंद, आठवडाभराचीच दिसते. युरोपला माल पाठवायचा तर ग्रेपनेट या निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंदणी लागते आणि कुठलं औषध कधी मारलं याचा हिशेब लागतो. काढणीआधी किती दिवस कुठलं औषध बंद, हे चुकलं की कंटेनर अडकतो. तिथं आठवडाभराची हिस्टरी काय कामाची?

एक गोष्ट मात्र खरंच भारी आहे. तारखेत 'एव्हरी'पुढं उद्गारचिन्ह टाकलं की पुढची पाळी ठरलेल्या तारखेपासून मोजली जात नाही, काम पुरं केल्याच्या दिवसापासून मोजली जाते. सोमवारची फवारणी पावसानं बुधवारवर गेली, तर पुढचे दिवस बुधवारपासून. डायरीत ही सगळी खाडाखोड हातानं करत बसा.

दादाचा अजून एक मुद्दा असतो, ॲप बंद पडलं तर? पडतात. वंडरलिस्ट हे असलंच ॲप मायक्रोसॉफ्टनं २०१५ ला विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. म्हणून अधूनमधून प्रोजेक्ट सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाईलीत, उतरवून ठेवावा. पण वही अमर असते हे मला सांगू नका. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा भिलवडीत मामांच्या घरातल्या हिशेबाच्या सगळ्या वह्यांचा लगदा झाला.

दादा ॲप वापरत नाही, असं तो सांगतो. रोज सकाळी चहा घेताना वहिनीला विचारतो, "आज काय दाखवतंय बघ." हे तो वापरण्यात धरत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. कामाचं नाव मराठीत लिहिता येतं, पण "उद्या सकाळी" असं लिहून तारीख लागत नाही, ती इंग्रजीत टाकावी लागते नाहीतर कॅलेंडरमधून निवडावी लागते. फोनचा बॅटरी सेव्हर चालू असेल तर आठवण उशिरा येते किंवा येतच नाही, तेवढी सेटिंग बदला. ॲप नुसतं काढून टाकलं म्हणून पैसे कापायचे थांबत नाहीत, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो. आमचं खातं दादाच्या नावावर असल्यामुळं तो मेसेज त्याच्याच फोनवर जातो. त्या दिवशी मी डबा घेऊन बागेतच जेवतो.