लखी नाणं घेण्याआधी हे तपासा

टाकसाळीतल्या चुकीमुळे वेगळ्या निघालेल्या नाण्यांपैकी नवीन संग्राहक सर्वाधिक फसतात ते लखी नाण्यात, म्हणून आधी तेच. ठोकलेलं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर दाबली जाते. त्यामुळे नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचं उठावदार चित्र, तर दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोलगट आणि उलटं, आरशातल्यासारखं उमटतं. दोन नाणी शिकंज्यात दाबून केलेल्या नकलेत खोलगट ठशाखाली मूळ चित्राचे अवशेष दिसतात, दुसरी बाजूही चपटी होते. दहापट भिंगाखाली हे लपत नाही.

साच्याला तडा गेला असेल तर नाण्यावर उंचावलेली रेघ येते. खोलगट रेघ म्हणजे नुसता ओरखडा, त्याचे जास्त पैसे देऊ नका.

कडा कापलेलं नाणं असेल तर कापाच्या बरोबर समोरची कड पाहा. ठोकताना तिथे दाब कमी पडलेला असतो, म्हणून ती बहुधा पुसट असते. ती ठसठशीत असेल आणि कापावर कानशीच्या रेघा असतील तर नाणं टाकसाळीत नव्हे, नंतर कापलंय.

आणि नाणं तोलायला वजनकाटा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाराच घ्या.