मंडईतला उरलेला भाजीपाला म्हशींना घातला तर चालतो का?

चालतो की, पण तसाच ढीग पुढ्यात टाकायचा नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरी काय नि मार्केट यार्ड काय, फ्लॉवर-कोबीचा पाला रोज पडून असतो, बघून जीव तुटतो खरंच. पण त्या पाल्यात जवळजवळ ९०% पाणी, म्हणजे १० किलो घातला तरी सुकं वैरण धरलं तर १ किलोच पोटात जातं, आणि नुसता पाला खाऊन जनावराचं पोट फुगतं, म्हणून सोबत भाताचं पिंजर (पेंढा) नाहीतर कडबा पाहिजेच.

सकाळी सकाळीच उचला, दुपारपर्यंत ढीग तापून कुजायला लागतो. बुरशी आलेलं अजिबात नको, त्याचं विष दुधात उतरतं. सुतळी, रबर, प्लास्टिक, तार हातानं निवडून काढा, तार पोटात गेली तर म्हस हातची जाते. कांदा आणि कोंब आलेले हिरवे बटाटे बाजूलाच ठेवा.

जास्त माल मिळाला तर मूरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला चारा करा. ३ भाग पाला, १ भाग सुकं पिंजर, बारीक कुट्टी करून बॅगेत दाबून दाबून हवा काढायची, ४५ दिवसांनी उघडायची. सुरुवात मात्र २-३ किलोनंच करा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.